खालचा हात

१

कापडाच्या दुकानात जाताना मी वाटेत एकच वाक्य घोकत जाते: आज फक्त दोरा घ्यायचा. दुकानदाराला ते वाक्य माझ्याइतकंच पाठ आहे. "दोराच ना?" असं म्हणत तो कटपीसचा ढीग माझ्यापुढे सरकवतो, आणि मग माझं काही खरं नसतं. कापड बघितलं की माझा हात सुटतो. त्याचं करायचं काय ते नंतर सुचतं, कधीकधी सुचतच नाही. घरी आल्यावर पिशवी दाराआड ठेवायची, पाणी प्यायचं, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, आणि हे आतल्या खोलीत गेले की नवा तुकडा कपाटात जुन्यांच्या मधोमध घुसवायचा, म्हणजे तो पहिल्यापासून तिथलाच वाटतो. ह्यांना दिसत होतं तोवर ही युक्ती बिनबोभाट चालली. नजर गेल्यावर मात्र मी पकडली जायला लागले, कारण कपाटाचं दार कुरकुरलं की हे खुर्चीतून ओरडतात, "काय, आणखी एक पाहुणा राहायला आला का?"

ह्यांचं कुलपांचं दुकान होतं. किल्ली हरवलेली, किल्ली आत विसरलेली, किल्ली कुलपातच मोडून बसलेली अशी सगळी वैतागलेली माणसं ह्यांच्याकडे यायची. हे डोळे मिटून, तारेचं टोक आत फिरवत, त्यांच्याशी गप्पा मारत कुलूप उघडून द्यायचे. उजव्या हाताची तर्जनी एकदा तिजोरीच्या दारात सापडली होती, ती तेव्हापासून वाकडीच राहिली. मग डोळ्यांतला दाब वाढत गेला. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही गेलं. दुकान बंद केलं. हे खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच. बोलणं हो-नाहीवर आलं. ताटातलं अन्न तसंच राहायला लागलं. माणूस समोर बसलेला असतो आणि घरात नसतो, याची मला फार भीती वाटायला लागली.

म्हणून मी माळ्यावरून गोधडीची चौकट खाली काढली. आमची धाकटी गेल्यापासून ती तिथेच पडून होती.

चौकट म्हणजे टेबलाच्या उंचीवर, चार पायांवर आडवी बसवलेली मोठी लाकडी चौकट. तिच्यावर तीन थर ताणून बांधायचे: वर आपण जोडलेले रंगीत तुकडे, मध्ये कापसाचा पातळ थर, खाली अस्तर. मग एक हात वर, एक हात खाली. वरचा हात सुई खाली देतो, खालचा ती पकडून परत वर पाठवतो. एकटीने शिवायचं तर दोन्ही हात आपलेच. मी ह्यांना थाप मारली की माझा डावा खांदा धरलाय, तुम्ही माझा खालचा हात व्हा.

"आंधळ्याच्या हातात सुई देतेस?"

"जन्मभर कुलपं उघडलीत. एकदा तरी आत डोकावून बघितलं होतंत का?"

हे हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं, तोंड धुतलं आणि ह्यांच्यासाठी स्टूल आणलं.

२

आमची रीत अशी ठरली. मी सुई खाली द्यायची, ह्यांनी ती पकडायची. मग मी वरून कापडावर नखाने दाबायचं, म्हणजे खाली ह्यांच्या बोटाला जागा कळायची आणि बरोबर तिथून सुई वर यायची. दोरा गुंतला तर ह्यांनी चौकटीवर टिचकी मारायची. सुरुवातीला बोटं टोचून घेतली, शिव्या हासडल्या, पण हात बसला. दुपारी ऊन खिडकीतून थेट चौकटीवर पडायला लागलं की हे आपणहून विचारायचे, "आज पाळी नाही का?" जणू मी कारखाना चालवते.

गोधडी थोरलीसाठी होती. थोरली म्हणजे आमची मोठी मुलगी. ती आणि जावई लांब दुसऱ्या शहरात राहतात, आणि तिचं एकच पालुपद असतं की तुम्ही दोघं आता माझ्याकडे या. जायचं तर नव्हतं, पण काहीतरी पाठवावं असं मनात होतं. चौकटीवर काही ताणण्याआधी मी तिरक्या चौकोनांचा नमुना काढला आणि कपाटातले सगळे पाहुणे जमिनीवर मांडले. मांडायचं, मोडायचं, परत मांडायचं. हे खुर्चीत पाय वर घेऊन बसायचे आणि मी एकेक रंग सांगायची.

"हे विटकरी. छत्री घ्यायला गेले होते तेव्हा घेतलेलं."

"मग छत्री आणलीस?"

"नाही."

"म्हणजे त्या पावसाळ्यात मी भिजलो ते या चौकोनामुळे."

वरची बाजू मनासारखी झाली. अस्तरालाच काही सापडेना. आणि मग एकदा कटपीसच्या ढिगात अगदी तळाशी ते कापड दिसलं. रंग धड हिरवा नाही, धड राखाडी नाही. पातळ, मऊ, आणि त्यावर त्याच रंगाचे बारीक उठावाचे ठिपके. माझ्या कुठल्याच रंगाशी ते जात नव्हतं. तरी मी हात घातला, ओढून काढलं आणि होतं तेवढं सगळं घेतलं. दर विचारला तो पिशवीत टाकल्यावर.

घरी मी ते ह्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "पाहुणा." ह्यांनी त्यावरून तळवा फिरवला. मग बोटं फिरवली. बराच वेळ फिरवत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी खवचट ऐकायला मिळणार.

"चांगलं आणलंस," हे म्हणाले, आणि घडी घालून परत दिलं.

३

पहिल्यांदा जे झालं ते इतकं किरकोळ होतं की मी ते कुणाला सांगितलं नसतं.

जेवणं आटोपून आम्ही शिवायला बसलो होतो. सुई खाली जात होती, वर येत होती. माझं लक्ष नव्हतं. गोट कुठल्या रंगाचा लावावा याचा विचार डोक्यात चालला होता. गोट म्हणजे चारी कडा बंद करणारी पट्टी, ती लागली की गोधडी संपली. बऱ्याच वेळाने माझ्या ध्यानात आलं की मी नख दाबतच नाहीये. तरी सुई नेमकी ओळीत वर येत होती.

"अहो, तुम्ही तर पार तयार झालात की. नख न दाबता जागा सापडायला लागली."

उत्तर बाहेरच्या खोलीतून आलं. "हो गं. आई शिवतेय. देऊ का तिला?" हे फोनवर थोरलीशी बोलत होते. फोन कधी वाजला, हे स्टुलावरून कधी उठले, मला पत्ताच नव्हता.

सुई माझ्यासमोर अर्धी वर आलेली होती. कापडात अडकलेली सुई एका बाजूला कलते. ही सरळ उभी होती, कुणीतरी खालून धरून ठेवल्यासारखी. मी ती चिमटीत पकडली. मग खालची पकड सुटली.

मी माणूस तसा व्यवहारी आहे. मी स्वतःला सांगितलं, जन्मभर दोन्ही हातांनी शिवलंस, डावा हात सवयीने खाली गेला असणार. पटण्यासारखं होतं. फक्त डाव्या हातात कात्री होती आणि अंगठा तिच्या कड्यात होता.

वाकून खाली बघितलं. ह्यांचं स्टूल, ह्यांच्या चपला, जमिनीवर दोऱ्याचे तुकडे. ऊन वरच्या रंगांमधून गाळून खाली येत होतं आणि चौकटीखालची जमीन राखाडी-हिरवी दिसत होती. दुसरं काही नव्हतं. मी उठून ह्यांच्या हातातून फोन घेतला आणि थोरलीला विचारलं की तुला गोट तांबडा आवडेल की निळा.

४

ह्यांना काही बोलले नाही. आंधळ्या माणसाला कशाला घाबरवा, असं मी स्वतःला बजावलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती की हे उद्यापासून हात खाली घालणार नाहीत आणि परत त्या खुर्चीत जाऊन बसतील. ते मला परवडणार नव्हतं.

मग एका दुपारी मी दोरा आणायला गेले आणि नवल म्हणजे खरंच फक्त दोरा घेऊन आले. दार उघडते तो हे चौकटीपाशी, दोन्ही हात खाली, चेहरा उन्हाकडे. तोंडाने शीळ चालली होती. नजर गेल्यापासून मी ह्यांची शीळ ऐकली नव्हती.

"आज स्वारी खुशीत दिसतेय," हे म्हणाले. "हात किती हलका पडतोय तुझा. एरवी सुई खुपसतेस, आज नुसती हातात ठेवत होतीस."

पिशवी माझ्या खांद्याला होती आणि पायांत चपला होत्या.

"कधी?" मी विचारलं.

"आत्ता. आपण बसलोय तेव्हापासून. मध्येच उठून कुठे गेलीस? दार वाजलं."

तोंडातून अगदी सहज आलं, "दुधाचं बघायला गेले होते."

हे ‘बरं’ म्हणाले. मी पिशवी न काढताच समोर जाऊन बघितलं. सकाळी मी जिथे दोरा तोडला होता त्याच्या पुढे एक अख्खी ओळ शिवलेली होती.

५

शिवून झालेला भाग गुंडाळून पुढचा ताणायचा असतो, तेव्हा अस्तराची बाजू दिसते. ते काम मी दुसऱ्या दिवशी केलं. हे आंघोळीला गेले होते, नळाचा आवाज चालू होता.

सुरुवातीचे टाके आमचे होते. ह्यांच्या वाकड्या बोटामुळे खालचा टाका नेहमी जरासा तिरका पडतो, तो मी झोपेतही ओळखीन. मग हळूहळू मधे दुसरे टाके यायला लागले. इवलेसे, एकमेकांच्या अंगावर चढलेले, एखादा मध्येच लांब उडी मारलेला. पुढे ते सुधारत गेले होते. शेवटच्या ओळीत चांगले सरळ होते, आणि ओळीच्या टोकाला दोऱ्याचा एक बारीक गोळा होता, कारण हिला गाठ मारता येत नसे, ही दोरा नुसता गुंडाळून ठेवायची.

हिला म्हणजे मुंगीला. आमची धाकटी. घरात कुठूनही शिरायची आणि कुठूनही निघायची, म्हणून मुंगी. नुकती शाळेत जायला लागली होती. मी चौकटीवर बसले की ही खाली जमिनीवर फतकल मारायची आणि मी दिलेली सुई वर पाठवायची. मी नंतर ते टाके उसवून परत घालायची, तिला नकळत. कंटाळली की ती खालून दोरा ओढायची, एकदा आणि परत एकदा. त्याचा अर्थ, तू पण खाली ये. मी म्हणायचे, "आले गं, एवढी ओळ होऊ दे." आणि ओळ झाली की जायचेच. मी तिला कधी फसवलं नाही. त्या रंगीत छपराखाली बसून आम्ही दोघी बिस्किटं खायचो आणि हे दुकानातून आले की हाका मारत घरभर शोधायचे, मुद्दाम, आमचे पाय दिसत असताना.

एका तापात गेली. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

नळ बंद झाला तेव्हा मी अस्तरावर गाल टेकून उभी होते. मला भीती वाटत होती आणि आनंदही झाला होता, आणि आधी काय झालं ते मला आजही सांगता येणार नाही. मी तो बारीक गोळा नखाने चाचपला. उसवला नाही.

६

त्या दुपारी आम्ही बसलो. मी सुई खाली दिली, नख दाबलं, सुई वर आली. दोन्ही हात ह्यांचे, दोन्ही हात माझे, सगळं जागच्या जागी. आणि मग दोरा खालून ओढला गेला. एकदा, परत एकदा.

"तुम्ही ओढलात?" मी विचारलं.

ह्यांनी दोरा बोटांनी चाचपला. मग म्हणाले, "मला वाटायचं तू ओढतेस. लवकर आटपा म्हणून."

"मी वर आहे. मी खालून कशी ओढणार?"

"तेच," हे म्हणाले. "तेच मी पण स्वतःला विचारत होतो."

मग एकेक बाहेर आलं. मी नसताना ह्यांच्या हातात सुई येत होती, ह्यांना वाटत होतं मी आहे. हे नसताना सुई वर येत होती, मला वाटत होतं हे आहेत. दोघंही गप्प राहिलो, कारण प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा या कामामुळे जरा माणसात आलाय, उगाच त्यात खडा कशाला टाका. हसू आलं मला. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली आणि ती एकच निघाली.

"पण आत्ताच का?" मी म्हटलं. "एवढी वर्षं नाही, आणि आत्ता."

"तू ते कापड आणलंस म्हणून."

"कुठलं कापड?"

ह्यांचा चेहरा माझ्याकडे वळला. डोळ्यांत काही नसतं, पण भुवया अजून बोलतात. "म्हणजे तू मुद्दाम नाही आणलंस?"

ह्यांनी माझा हात धरून खाली नेला आणि अस्तरावर ठेवला. "डोळे मीट."

मी डोळे मिटले. ठिपके. बारीक, उठावाचे, एकसारख्या अंतरावर. बोटांखाली एक लहानशी पाठ आली, फ्रॉकच्या बंदाची गाठ आली, झोपलेल्या पोराला थोपटताना हाताला लागतं ते सगळं आलं. तो फ्रॉक गडद निळा होता, ठिपके पांढरे. ती तो अंगातून काढू द्यायची नाही, धुवायलाही नाही, तो तिच्या अंगावरच गेला. मी दुकानात रंग बघितला होता. हिरवट, राखाडी, कशाशी न जाणारा. रंग दुसरा होता, पण कापड तेच होतं.

"मला वाटलं, तू शोधून आणलंस," हे म्हणाले. "मला वाटलं, तुला बोलायचं नसेल."

मी ह्यांच्या वाकड्या बोटावर कपाळ टेकलं आणि रडले. हे माझ्या पाठीवर थोपटत राहिले. ह्यांच्या एका हातात माझा हात होता आणि दुसरा माझ्या पाठीवर होता. मधल्या वेळात चौकटीवर सुई खाली गेली, वर आली.

७

पुढचे दिवस सुखाचे होते, हे मला कबूल केलं पाहिजे. हे स्टूल सोडून खाली जमिनीवरच बसायला लागले, चौकटीखाली, सतरंजी टाकून. मला वर बसल्या बसल्या बोलणं ऐकू यायचं. "हळू. टोचेल. हां, अशी धर." कधी दुकानातल्या गमती सांगायचे. थांबायचे, मग हसायचे. मी कान देऊन ऐकायची, पण मला ह्यांच्याशिवाय दुसरा आवाज कधी आला नाही.

मग थोरली अचानक येऊन गेली. दारातच तिचा चेहरा उतरला.

"आई, बाबा केवढे बारीक झालेत."

रोज बघणाऱ्याला दिसत नाही. शर्ट खांद्यांवर लोंबत होता. थोरली ह्यांना घेऊन डॉक्टरकडे गेली, सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. "हात फार गार आहेत," एवढंच डॉक्टर म्हणाले, "मोजे वगैरे घालत जा." हे म्हणाले, "मोजे हाताला घालू का?" आणि थोरलीसुद्धा हसली. जाताना मात्र तिने मला बाजूला घेतलं. "ते तिथे खाली का बसतात गं? मी हाक मारली तर ओ द्यायला केवढा वेळ लावला. लांबून आल्यासारखे."

तेव्हा मला उमगलं. खुर्चीत बसलेला माणूस घरात नव्हता, म्हणून मी चौकट काढली. आता तो हसत होता, बोलत होता, आणि तरी घरात कमी कमी होत चालला होता. मला माझी लेक हवी होती, कोणत्या आईला नको असेल? पण ह्यांना देऊन नाही. मी ठरवलं, गोधडी संपवायची. गोट लावायचा, कडा बंद करायच्या, चौकट परत माळ्यावर.

तांबडा गोट कापून तयार ठेवला. ह्यांना चहा ठेवायला पाठवलं. ओट्यावरचं सगळं ह्यांना हाताने पाठ आहे. कडा लावायच्या आधी अस्तराला कुठे चुणी पडलीय का बघावं, म्हणून मी गुडघे टेकले आणि कितीतरी वर्षांनी चौकटीखाली शिरले.

पाठीवर झोपून वर बघितलं. ऊन वरून पडत होतं. विटकरी, पिवळे, जांभळे चौकोन कापसातून अंधुक दिसत होते, आणि पातळ अस्तर उजेडाने भरलेलं होतं. उबदार होतं तिथे. मला चटकन झोप येईल असं वाटलं.

मग मधल्या थरात काहीतरी हललं. मी आधी समजले की वरून पक्ष्याची सावली गेली. पण ती सावली कापसाच्या आत होती, वरच्या चौकोनांच्या आणि खालच्या ठिपक्यांच्या मध्ये. छोटा तळवा, बोटं पसरलेली. तो सरकत सरकत माझ्या तोंडासमोर आला आणि थांबला. त्याच्या शेजारी दुसरा हात आला. मोठा. छोट्या हाताने त्याचं एक बोट धरलं. ते बोट वाकडं होतं.

"साखर किती घालू गं?" ह्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं.

मी हात वर केला आणि अस्तरावर, त्या मोठ्या तळव्यावर, माझा तळवा टेकवला. गार होता. त्याने माझा हात ओळखला. मला ते कळलं. एवढी वर्षं तो हात धरून काढल्यावर बाईला ते कळतं.

"नेहमीएवढीच," मी म्हटलं.

८

चहा पिताना ह्यांनी विचारलं, "आता कडाच राहिल्या ना?"

"हो."

"लावल्या की संपलं."

"हो."

ह्यांनी कप दोन्ही हातांनी धरला होता, ऊब घेत. तो वाकड्या बोटाचा हात माझ्या समोर होता, कपाच्या कानात अडकवलेला, आणि मी बघितलं की कपातून वाफ येतेय पण बोटं निळसर आहेत. तांबडा गोट माझ्या मांडीवर होता. कडा बंद केल्या तर आत काय राहणार, हे आता मला माहीत होतं. मुंगीबरोबर हेही आत राहणार, थोडेसे नाही, सगळे. आणि नाही केल्या तर हे असेच आत सरकत राहणार, पण सावकाश.

सावकाश म्हणजे किती, ते माझ्या हातात होतं. शिवणाऱ्या बाईला कपड्याची लांबी वाढवता येते.

मी गोटाची गुंडाळी करून कपाटात टाकली. दार कुरकुरलं.

"अहो," मी म्हटलं, "ही जरा तोकडी वाटतेय मला. अजून वाढवावी म्हणते. परवा दुकानात एक पिवळं बघून आलेय."

ज्या माणसाने जन्मभर माझ्या प्रत्येक पिशवीवर शेरा मारला त्याने कप खाली ठेवला. मग त्याने चाचपडत माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला.

"घे," हे म्हणाले. "भरपूर घे."

तेव्हापासून मी दर बाजाराला जाते आणि दोऱ्याचं नावही काढत नाही. दुकानदार चकित आहे. पिवळं झालं, मग एक मातकट, मग बारीक रेघांचं. गोधडी एका टोकाला गुंडाळली जाते आणि दुसऱ्या टोकाला वाढत जाते. थोरली फोनवर म्हणते, "आई, ही गोधडी आहे का रस्ता?" मी म्हणते, तुझं घर लांब आहे ना, पोचली पाहिजे. हे अजून जेवतात, थोडं. अजून खवचट बोलतात. हात मी माझ्या हातात धरून ऊब देते, आणि कधीकधी त्यांच्याऐवजी माझेच गार पडलेले असतात.

आजही ऊन आलंय. हे स्टुलावर माझ्या शेजारी बसलेत, मी त्यांना खाली बसू देत नाही. हात मात्र खाली आहेत. सुई गेली, सुई आली. मी नख दाबायचं सोडून दिलंय. ही ओळ लांबच लांब आखलीय, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये कुठे थांबावं लागू नये अशी.

आत्ता दोरा खालून ओढला गेला. एकदा, परत एकदा.

हे मान वळवून थांबलेत, मी काय म्हणते ते ऐकायला.

"आले गं," मी म्हणते. "एवढी ओळ होऊ दे."